तेलात कालवलेलं कुंकू

टेप हातात घ्यायची, तिच्या कोपऱ्यातली नखाएवढी लाल कळ अंगठ्याने पलीकडे सरकवायची, पाठीवर दोन टिचक्या मारायच्या आणि म्हणायचं, "झालं सर. आता ब्रह्मदेव आला तरी पुसता यायचं नाही. गोत्तायता?"

'गोत्तायता' म्हणजे कळलं का. हे कानडी शेपूट त्यांच्या बहुतेक वाक्यांना असायचं. ती कळ सरकवली की टेपवर नवं काही लिहिता येत नाही आणि जुनं पुसता येत नाही, हे मला नोकरीला लागण्याआधीपासून ठाऊक होतं. तरीही सहा वर्षं दर महिन्याला त्यांनी ते मला नव्याने सांगितलं आणि दर महिन्याला मी मान डोलावली.

सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या हातून एकदा एका कागदावर लिहून झालं आहे, नको त्या जागी. पुढे कळेलच.

आमचा कारखाना म्हैसूरजवळ बेळगोळला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आम्ही कृत्रिम पाय बनवतो. माणसाचा जो पाय उरलेला असतो त्याचं माप कॅमेऱ्याने घेतलं जातं, ते सर्व्हरवर साठवलं जातं आणि त्याची नक्कल टेपवर उतरवून ठेवली जाते. पाय झिजला, मोडला, की त्याच मापावरून दुसरा करून देता येतो. नाहीतर हुणसूरच्या सुताराला पुन्हा कुबडी घेऊन बस पकडावी लागते आणि नंजनगूडच्या शिक्षिकेला, जिचे दोन्ही पाय आमच्याकडचे आहेत, कोणीतरी उचलून आणावं लागतं. तेव्हा माप हरवणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. मी तिथला संगणक विभागाचा प्रमुख. विभागात माणसं दोन. दुसरे अण्णा.

अण्णांचं घर अग्रहारात आणि धाकट्या भावाचं शिंपीकामाचं दुकान देवराज मोहल्ल्यात. किती पिढ्यांपूर्वी हे लोक म्हैसूरला आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण घरात मराठी आणि देव्हाऱ्यात विठोबा. मी साताऱ्याचा. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, "तुमची मराठी पुस्तकातली, सर. आमची स्वयंपाकघरातली." आणि मग सहा वर्षांत त्यांनी माझ्याशी कानडी बोलण्याचं नावच काढलं नाही. मराठी बोलायला माणूस मिळाला याचा त्यांना एवढा आनंद होता, की माझं कानडी शिकायचं राहूनच गेलं. हा दोष मी त्यांच्यावर ढकलतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझी ती सवय आहे.

ते आले होते प्लास्टर खोलीत मदतनीस म्हणून. आताच्या मालकीण, म्हणजे मॅडम, त्यांच्या वडिलांनी, जुन्या मालकांनी, त्यांना टेपच्या कामावर बसवलं. कारण काय, तर याचा हात स्वच्छ आहे. रोजच्या टेपला ते लेकरू म्हणायचे, आठवड्याच्या टेपला बाप आणि महिन्याच्या टेपला आज्जा. परदेशातले लोकही या पद्धतीला आजोबा-बाप-मुलगा असंच म्हणतात, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर म्हणाले, "मग दुसरं काय म्हणणार?" वर्षाची टेप म्हणजे मुत्तज्जा, कानडीत पणजोबा. लेकरू आठवड्याने पुसून परत वापरायचं, बाप महिन्याने, आज्जा वर्षाने. मुत्तज्जा कधीच नाही.

प्रत्येक टेपला त्यांनी स्वतः शिवलेली पिशवी होती, सुटाच्या उरलेल्या कापडाची, आतून अस्तर लावलेली. आज्जाची पिशवी चॉकलेटी आणि तिला पितळी बटण. महिनाअखेरच्या शनिवारी ती मांडीवर घेऊन ते सिटी बसने देवराज मोहल्ल्यात जायचे आणि भावाच्या दुकानातल्या सागवानी कपाटात, शाळेच्या गणवेशाच्या ताग्यांखाली ठेवून यायचे. आपत्तीच्या वेळी काय करायचं याचा आमच्याकडे एका सल्लागाराने केलेला जाडजूड इंग्रजी आराखडा आहे. त्यात 'बाहेरची सुरक्षित जागा' असं जे भारदस्त लिहिलं आहे ते म्हणजे हे कपाट. "जी वस्तू एकाच जागी आहे ती नाहीच म्हणून समजायची, सर," असं अण्णा म्हणायचे.

आणि गुरुवारची ट्रायल. दर गुरुवारी ते रजिस्टर माझ्यापुढे धरायचे, मी डोळे मिटून एका नावावर बोट ठेवायचं आणि त्या माणसाचं माप त्यांनी टेपवरून परत काढून दाखवायचं. मी कंटाळायचो. "अण्णा, सहा वर्षांत एकदा तरी चुकलंय का? कशाला हा खेळ?"

"ट्रायल घेतल्याशिवाय कोट नाही, सर. हँगरला लावलेला कोट सगळ्यांनाच बरोबर बसतो. नाव सांगा."

मी चिडवायचो, टेपचा जमाना गेला म्हणायचो. "सरी, बरं. गेला तर गेला. आज गुरुवार आहे." मी डोळे मिटून बोट ठेवायचो.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नेमकं दसऱ्याच्या दिवसांत. म्हैसूरचा माणूस दसऱ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बसणार, म्हणून सगळ्यांनी त्यांची भरपूर थट्टा केली. रजेवर जायच्या आधी त्यांनी एक लांबट वही माझ्यासमोर ठेवली. शिंप्यांकडे मापं लिहायला असते तसली.

"मी नसताना काय काय करायचं ते यल्ला, सगळं लिहिलंय. तुमच्यासाठी म्हणून लिहिली. सावकाश वाचा."

ते जागेवर गेल्यावर मी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कानडी अक्षरं, गोल, सुबक, एका ओळीत. मला त्यातलं एकही येत नव्हतं. सहा वर्षं या गावात राहून मी डोसा मागवू शकत होतो, रिक्षावाल्याशी भांडू शकत होतो, पण बसची पाटी अजून नंबरावरूनच ओळखत होतो. हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. मी वही खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "वाचली का सर?"

"वाचली."

"काही शंका?"

"इल्ला," मी म्हणालो. नाही म्हणायला तेवढा एक कानडी शब्द माझ्याजवळ होता आणि तो मी तिथे खर्च केला.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी म्हैसुरात सायकलपासून बसपर्यंत सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावून उभं असतं. आमच्याकडेही लेथला हार, भट्टीला हार, प्लास्टर कापायच्या करवतीलासुद्धा मोगऱ्याचा गजरा. फाटकावर कोहळा फोडला गेला. फक्त सर्व्हरच्या खोलीत पूजेचं ताट कधी जायचं नाही. अण्णा दरवर्षी दाराच्या चौकटीला बाहेरून एक टिळा लावायचे आणि कुलूप घालायचे. मला तो त्यांचा हेकटपणा वाटायचा. या वर्षी किल्ली माझ्याकडे होती. म्हटलं, सगळ्यांना गोडधोड आणि हे एक यंत्र बिचारं उपाशी का?

मी ताट घेऊन आत गेलो. टेपच्या मशीनच्या तोंडाशी जी झडप असते, तिच्यावर चिमूटभर नव्हे, चांगलं बोटं भरून सुकं कुंकू लावलं, आमच्याकडे लावतात तसं. वर हळद, वर अक्षता. मशीनचा पंखा घुमत होता, हवा आत ओढत होता. मी हात जोडले, फोटो काढला आणि साताऱ्याला आईला पाठवला. आईने उलट नमस्कार पाठवला. त्या यंत्राच्या तोंडाला मी माझ्या हाताने विष लावलं आणि वर त्याच्याच पाया पडलो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सुट्ट्या संपल्या. कामावर आल्याच्या पहिल्या सकाळी सर्व्हरच्या दोन डिस्क एकदम गेल्या. याचा कुंकवाशी संबंध नव्हता, त्या जुन्याच झाल्या होत्या. मी घाबरलो नाही. टेप होत्या ना! लेकरू मशीनमध्ये घातलं. आतून जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज आला आणि टेप बाहेर आली, वाचता येत नाही असा संदेश घेऊन. मी दुसरी घातली. तोच आवाज. तिसरी घातली. मग बाप घातला. तासाभरात मी हातातल्या सगळ्या टेप त्या तोंडात दिल्या आणि एकही धड परत आली नाही. थांबावं, विचार करावा, हे सुचलंच नाही. हात आपोआप पुढची टेप उचलत होते. शेवटची बाहेर आली तेव्हा मी खुर्चीत बसलो.

मॅडम दारात उभ्या होत्या. "मापं गेली?" त्यांनी विचारलं. मी फक्त बोट दाखवलं, रिकाम्या पिशव्यांकडे.

अण्णांना फोन गेला. ते आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून, भावाच्या स्कूटरवर मागे बसून, छातीशी चॉकलेटी पिशवी. वाटेत देवराज मोहल्ल्यात थांबून आज्जाला घेऊन आले होते. मॅडमनी हात पुढे केला. अण्णांनी पिशवी दिली नाही. आधी मशीनपाशी गेले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, तरी वाकले. झडपेवरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे तोंड केलं. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते मला दिसलं नाही. खिशातून रुमाल काढला, झडप नीट पुसली, रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.

"हे मशीन बिघडलंय. आज्जा यात घालायचा नाही."

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, बाहेर माणसं पायांसाठी बसली आहेत. टेप द्या."

"दुसरं मशीन मागवा मॅडम."

"ते उद्या येईल. ही माझी आज्ञा आहे."

"सरी मॅडम. नोकरी घ्या. टेप बेडा." नको, असं म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिले. तीस वर्षं ज्यांनी मालकांसमोर खुर्चीला पाठ टेकली नव्हती ते अण्णा. मॅडमचा चेहरा लाल झाला. मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही मॅडमच्या बाजूने होतो. ती टेप हातात असती तर मी ती घातली असती.

दुसऱ्या दिवशी बंगळूरहून इंजिनियर नवं मशीन घेऊन आला. आज्जा त्यात गेला, गुणगुणला, आणि तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतची सगळी मापं एकेक करून परत आली. प्लास्टर खोलीतल्या मंजुळाअक्का पडद्याला हात लावून नमस्कार करत होत्या. गेली ती फक्त मधल्या तीन आठवड्यांची. त्या लोकांना मी स्वतः फोन केले. हुणसूरचा सुतार त्यांतच होता. "परत येऊ?" एवढंच त्याने विचारलं.

मग इंजिनियरने जुनं मशीन उघडलं. आतल्या पट्टीवरून पांढरा बोळा फिरवला आणि वर धरला. बोळा लाल झाला होता. तोपर्यंत, विश्वास ठेवा वा ठेवू नका, ते कुंकू माझ्या मनातही आलं नव्हतं.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"विटेची धूळ," अण्णा म्हणाले. "मागं भिंतीचं काम चाललं होतं ना, रजेआधी. वारा यावा म्हणून मी दार उघडं ठेवायचो. माझीच चूक."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. दार उघडं? जो माणूस आम्हाला चपला बाहेर काढायला लावायचा तो दार उघडं ठेवणार? तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलं नाही.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'कारण: धूळ. जबाबदार:' आणि पुढे त्यांचं नाव. मी टाइप केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरच फाशीचा कागद टाइप करत होता. अण्णांनी विचारलं, "कुठं सही, सर?" मी जागा दाखवली. त्यांनी कानडीत सही केली. तीही मला वाचता आली नाही. त्याच दिवशी मी माझ्या फोनमधून तो पूजेचा फोटो पुसून टाकला.

त्यांना चार महिने आधी घरी पाठवलं गेलं. निष्काळजीपणा आणि वर आज्ञाभंग. निरोपाची शाल नाही, पेटा म्हणजे म्हैसुरी पगडी नाही, हार नाही. जाताना ते मला म्हणाले, "गुरुवार विसरू नका."

पुढच्या गुरुवारी मी रजिस्टर उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की कुठली टेप कधी पुसायची हेही मला धड ठाऊक नाही. वही आठवली. जेवणाच्या सुट्टीत ती घेऊन मी मंजुळाअक्कांकडे गेलो आणि तेवढं वाचून अर्थ सांगा म्हणालो. त्यांनी हात पुसले, वही धरली, ओठ हलवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं.

"अय्यो सर, अक्षरं आमची आहेत. पण ही भाषा कुठली? मला एक शब्द कळत नाही."

"नुसतं मोठ्याने वाचा."

त्या अडखळत वाचू लागल्या. "सर... नमस्कार. मी... नसताना... घाबरू नका."

ती मराठी होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठी, माझ्यासाठी लिहिलेली, फक्त कानडी अक्षरांत. वाचणारीला अर्थ कळत नव्हता आणि अर्थ कळणाऱ्याला वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं डबे उघडे टाकून बसलो होतो, त्या वाचत होत्या, मी ऐकत होतो. कुठली टेप कुठे, सुताराचा फोन कुठल्या वहीत, मशीन कुरकुरलं तर काय. आणि मग एक पान आलं. मंजुळाअक्कांच्या तोंडून ते शब्द असे आले:

"आयुधपूजा. कुंकू तेलात कालवून डबी ठेवली आहे, माझ्या कपाटात, डावीकडं. सुकं कुंकू उडतं, मशीनला चालत नाही. टिळा बाहेर चौकटीला. आत नको. तुमच्याकडं सुकं लावतात म्हणून मुद्दाम लिहितो."

मी उठलो, त्यांच्या कपाटापाशी गेलो. डबी तिथेच होती, डावीकडे. झाकण उघडलं तर वर तेल तरंगत होतं. मंजुळाअक्कांनी मागून विचारलं, काय झालं म्हणून. मी काही नाही म्हणालो. तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी मी अग्रहारात त्यांच्या घरी गेलो. काळा चष्मा गेला होता. मला बघून खुश झाले, वहिनींना कॉफी करायला सांगितलं. मी सगळं एका दमात ओकून टाकलं. पूजा, फोटो, अहवाल.

ते म्हणाले, "ते ठाऊक होतं की मला. वास आला ना कुंकवाचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं घर इथं नवीन, सर. नोकरी गेली असती तर तुम्ही चालले असता सातारला. माझे राहिले होते चार महिने, अष्टे, तेवढेच." ते अगदी मजेत होते. "मला वाटलं, वाचून विसरला असाल. माणूस विसरतो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला स्वतःला मोकळं करायची घाई झाली होती. म्हणालो, "अण्णा, मी विसरलो नव्हतो. मी वही वाचलीच नव्हती. मला कानडी अक्षरं येत नाहीत."

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. वही माझ्या हातातून घेतली, उघडली, एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरली.

"हे नाही येत?"

"नाही."

"हे?"

"एकही नाही, अण्णा."

मी त्यांना बिघडलेल्या मशीनसमोर वाकलेलं पाहिलं होतं, मॅडमसमोर बसलेलं पाहिलं होतं, पण त्यांचा चेहरा असा झालेला कधी पाहिला नव्हता. त्यांची शाळा कानडी. घरात मराठी लिहायची ती कानडी अक्षरांतच, बापाने तसंच लिहिलं, आजोबांनी तसंच. मराठी माणसाला आपली मराठी वाचता येणार नाही, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"सगळ्या टेपची ट्रायल घेतली मी," ते हळू म्हणाले. "वहीची नाही घेतली. एक पान वाचून दाखवा, एवढं म्हटलं असतं तर..."

"अण्णा, खोटं मी बोललो. वाचली म्हणून."

"गिऱ्हाईक बरोबर बसलं म्हणतंच, सर. बघायचं शिंप्यानं असतं." आणि मग वही मिटून म्हणाले, "म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबरच आहे. चूक माझीच."

मी नाही म्हणालो, ओरडलोच जवळजवळ. वहिनी आतून बाहेर आल्या. पण अण्णा आता माझं ऐकतच नव्हते. तोवर तो माणूस सुखात होता. दुसऱ्याची चूक जाणूनबुजून अंगावर घेतली होती, त्याचं त्याला ओझं नव्हतं. मी ओझं उतरवायला म्हणून गेलो आणि त्यांच्याच डोक्यावर ठेवून आलो. उद्याच मॅडमना खरं सांगायचं, असं मी ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा. तुम्हीही असे उद्या पाहिले असतील.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी कारखान्यात त्यांच्या भावाचा फोन आला. अण्णा गेले, झोपेतच.

मी जागेवरून उठून सरळ मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "लिहून दे." पुरावा म्हणून मला तो फोटो हवा होता आणि तो मी पुसला होता. आईला फोन केला. तिच्या फोनमध्ये तो होता. "किती छान दिसतंय रे ते मशीन, म्हणून ठेवलाय," ती म्हणाली. मी दुसरा अहवाल लिहिला. 'कारण: सुकं कुंकू. जबाबदार:' आणि पुढे माझं नाव. पहिला अहवाल काढून टाकू का, असं मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, तो राहू दे, सही केलेला कागद आहे. नोकरी राहिली. का राहिली, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मार्चअखेरीस मी वर्षाची टेप भरली. मुत्तज्जा. तीत दोन्ही अहवाल गेले, माझा खोटा आणि माझा खरा, मापांच्या शेजारी. अंगठ्याने लाल कळ सरकवली. दोन टिचक्या मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. आता ब्रह्मदेव आला तरी तो पहिला कागद पुसला जाणार नाही.

शनिवारी ती टेप मांडीवर घेऊन सिटी बसने देवराज मोहल्ल्यात गेलो. भावाने ताग्यांखालची जागा करून दिली. मग म्हणाला, "स्वल्प थांबा सर. तुमचं एक आहे." कपाटाच्या खणातून त्याने एक लांबट वही काढली, नवी कोरी. म्हणाला, "शेवटी शेवटी रोज दुपारी इथं बसून अक्षरं गिरवत होता. तुमची अक्षरं. शाळेत दोन वर्षं हिंदी होती, तेवढ्यावर. वही सगळी परत लिहिणार म्हणत होता. एकच पान झालं."

मी उघडली. मोठी, वाकडी, थरथरती अक्षरं, कुठे काना राहिलेला, कुठे वेलांटी उलटी. त्यांनी पहिलं पान आधी लिहिलं नव्हतं. आयुधपूजेचं लिहिलं होतं. कुंकू तेलात कालवून. टिळा बाहेर. आत नको. आणि खाली, जुन्या वहीत नव्हती अशी एक ओळ:

'सर, हे मला वाचून दाखवा.'

भावाने शिलाईचं मशीन थांबवलं. मी ते पान दोन्ही हातांत धरलं आणि दुकानात उभ्या उभ्या, पहिल्या अक्षरापासून, मोठ्याने वाचून दाखवलं.